हात बसेपर्यंत : प्रौढांचे हस्तकला-शिक्षण

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रौढशिक्षण हा शब्द उच्चारला की कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवणारा शेतकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि हे चित्र अधिकच परिचयाचे झाले. त्या चित्रात शिकवणारा साक्षर असतो व शिकणारा निरक्षर. आजचा विषय आहे तो या चित्राच्या उलट बाजूचा. ज्याला उत्तम लिहितावाचता येते, ज्याच्या सहीने कागद पुढे सरकतात, असा चाळिशीतला मनुष्य कुंभाराच्या चाकापुढे, विणकराच्या मागावर किंवा चिताऱ्याच्या पाटापुढे प्रथमच जाऊन बसतो, तेव्हा निरक्षर तो असतो. आणि त्याचे गुरुजी म्हणजे कदाचित ज्याला स्वतःचे नाव कष्टाने लिहिता येते असा एखादा वृद्ध कारागीर.

असे बसणे म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी एक समजूत आहे. छंद म्हणून त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण प्रश्न त्याहून मोठा आहे. कारागिराच्या मजुरीचा दर, त्याला मिळणारे कर्ज, प्रदर्शनातील त्याचा गाळा, त्याच्या मुलांना शाळेत दिले जाणारे कार्यानुभवाचे धडे, या सर्वांविषयीचे निर्णय ज्यांच्या हातून होतात, त्यांपैकी बहुतेकांच्या हातांनी ते हत्यार कधी धरलेलेच नसते. मडके घडायला किती वेळ लागतो हे कागदावरून कळते. का लागतो हे कळत नाही.

या दृष्टीने पाहता आपल्या देशातील प्रौढ नवशिक्यांच्या एका वर्गाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. तो वर्ग म्हणजे महात्मा गांधींचा अहमदाबादचा सत्याग्रहाश्रम. १९०९ साली लंडनहून आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले आणि त्यात हातमाग व चरखा यांचा पुरस्कार केला. मात्र त्या काळापर्यंत आपण हातमाग वा चरखा पाहिल्याचेही स्मरत नाही, असे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ नमूद करून ठेवले आहे. १९१५ मध्ये ते भारतात परतले तेव्हाही चरखा त्यांच्या दृष्टीस पडलेला नव्हता. आश्रमात हातमाग आणले गेले. पण ते चालवणार कोण? आश्रमवासी कोणी बुद्धिजीवी व्यवसायातले, कोणी व्यापारातले. कारागीर म्हणावा असा त्यांत एकही नव्हता. अखेर पालनपूरहून एक विणकर शिकवण्यासाठी आणण्यात आला. त्याने शिकवले, पण आपली सारी विद्या काही दिली नाही.

या प्रसंगावर थोडे थांबावयास हवे. त्या विणकराला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याची विद्या हेच ज्याचे शेत, त्याने ते परक्यांच्या नावावर का करून द्यावे? चार महिन्यांनी हेच सुशिक्षित लोक आपल्यापेक्षा स्वस्त कापड विणून बाजारात आणणार नाहीत याची हमी त्याला कोणी दिली होती? कारागिराने हातचे राखून शिकवणे हा त्याच्या स्वभावाचा दोष मानण्यापेक्षा त्याच्या असुरक्षिततेचे लक्षण मानणे अधिक न्याय्य ठरेल. प्रौढांचे वर्ग भरवण्याची इच्छा असणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आधी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

आश्रमाने मात्र त्यावर निराळा मार्ग काढला. मगनलाल गांधी यांची यंत्रविषयातील गती उपजतच चांगली होती. विणकराने जेवढे दाखवले तेवढ्यावरून उरलेले त्यांनी स्वतःच्या हाताने शोधून काढले, आणि मग एकामागून एक आश्रमवासी विणकर तयार होऊ लागले. पुढे चरख्याचा शोध सुरू झाला. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेच्या वेळी गंगाबेन मजमुदार या धाडसी विधवा बाईंची गांधीजींशी गाठ पडली. त्यांनी गुजरातभर हिंडून बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. ते माळ्यावर टाकून दिलेले होते. नियमित पेळू मिळाले आणि सूत विकत घेतले गेले तर पुन्हा कातू, अशी तेथल्या स्त्रियांची अट होती. पेळू प्रथम मुंबईच्या उमर सोबानी यांच्या गिरणीतून आले. गिरणीचे पेळू घेऊन हातसूत काढणे हे गांधीजींच्या मनाला पटेना, तेव्हा गंगाबेनने महिना पस्तीस रुपये पगारावर एक पिंजारी मिळवला आणि त्याने पिंजलेल्या कापसाचे पेळू वळण्यास काही तरुणांना शिकवले. अशा रीतीने आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीचा खर्च वाराला सतरा आणे पडला. नवशिक्यांचे पहिले काम महागच असते. येथे त्याचा हिशेबच उपलब्ध आहे.

यानंतर गांधीजी मुंबईत आजारातून उठत असताना चरखा त्यांच्या खोलीतच मांडण्यात आला. त्याच्या गुंजनाने आपल्या प्रकृतीला उतार पडण्यास मोठी मदत झाली, असे ते लिहितात. आणि पुढे तो परिणाम देहापेक्षा मनावरचा अधिक असेल, अशी पुस्तीही ते जोडतात. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा बॅरिस्टर त्या वेळी कापसाच्या पेळूपुढे शुद्ध विद्यार्थी होता. मुंबईत ज्या स्त्रिया कताई शिकल्या त्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या. त्यांनी १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले व त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. लेखणी धरणारे हात चात्याकडे वळले ते असे.

ज्यांनी कधी सूत कातलेले नाही त्यांना यात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उजव्या हाताने चाक फिरवावयाचे, डाव्या हाताने पेळू धरून चात्यापासून मागे ओढावयाचा. सांगण्यास एवढेच. पण दोन्ही हातांच्या गती निरनिराळ्या, आणि त्या दोहोंचा मेळ जमेल तेव्हाच धागा निघतो. चाक अधिक फिरले की पीळ अधिक बसतो, धागा आखडतो आणि त्याला आटे पडतात. हात घाईने मागे गेला की पीळ कमी पडतो आणि धागा हातात विरून जातो. पेळू दोन बोटांत घट्ट दाबला तर तंतू सुटतच नाहीत. सैल धरला तर कापसाचा पुंजका एकदम निघून येतो आणि सुतात सुरवंटासारखा जाड भाग तयार होतो. चिमटीचा दाब नेमका किती असावा हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. शिकवणारी बाई सांगते, “सैल धरा.” शिकणारा सैल धरतो आणि धागा तुटतो. ती म्हणते, “इतके सैल नव्हे.” यापलीकडे भाषेची मजल जात नाही. एक दिवस चिमटी आपोआप बेताची पडते. त्याला मराठीत ‘हात बसला’ असे म्हणतात, आणि या शब्दप्रयोगात जेवढे शिक्षणशास्त्र आहे तेवढे पुष्कळ जाड ग्रंथांतही आढळत नाही.

खादीच्या हिशेबात चार फुटांचा एक तार आणि सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. नवशिक्याला आपली प्रगती मोजण्याचे याहून प्रामाणिक साधन मिळणे कठीण. परीक्षेत उत्तराला अर्धे गुण मिळू शकतात. तुटलेल्या तारेला मिळत नाहीत.

हे वैयक्तिक शिक्षण पुढे सामुदायिक करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. तोही आपल्या शेजारीच. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी सभासदाने दरमहा दोन हजार वार हातसूत द्यावे, असा नियम तेथे झाला. म्हणजे देशभरातील वकील, डॉक्टर, संपादक, जमीनदार या सर्वांसाठी तो जणू हस्तकलेचा सक्तीचा वर्गच होता. मात्र ज्याला कातावयाचे नसेल त्याने दुसऱ्याकडून कातून घेतलेले सूत द्यावे, अशी सवलतही त्यातच होती. सवलतीचे दार उघडे असले की सक्तीच्या दाराने कोण जातो? सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला हा नियम सैल करून चार आणे किंवा सूत असा पर्याय देण्यात आला, आणि कताईचे काम स्वतंत्रपणे चालवण्यासाठी त्याच वेळी अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. हुकमाने प्रौढाचा हात बसत नाही. शासकीय परिपत्रक काढून अमुक वर्गास सर्वांनी उपस्थित राहावे असे फर्मावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी बेळगाव ते पाटणा या नऊ महिन्यांचा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा.

तरीही ज्यांचा हात खरोखर बसला त्यांच्या विचारांत काय फरक पडला, याचे उत्तर वर्ध्यास मिळते. विनोबा भावे हे शास्त्राध्ययनात रमणारे. त्यांनी कताईत प्रावीण्य मिळवले, आणि १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत दिवसाचे कित्येक तास कातून त्या मजुरीवरच आपला निर्वाह होतो का, याचा प्रयोग केला. जो अहवाल वाचून दर ठरवतो त्याला दोन आणे ही एक संख्या दिसते. जो दिवसभर कातून संध्याकाळी त्या पैशांत पीठ आणि भाजी बसवू पाहतो, त्याला ती भूक म्हणून दिसते. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवनवेतन मिळावे असे धोरण स्वीकारले. खादी त्यामुळे महागली, विक्रीची चिंता वाढली, त्यावर वादही झाले. तथापि, कातणाऱ्या बाईच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये स्वतः कातलेली माणसे होती, हे येथे महत्त्वाचे.

त्याच वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. या योजनेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवलेली होती. मुले सात वर्षांची. ती सहज शिकली असती. अडचण होती ती गुरुजींची. व्याकरण आणि अंकगणित शिकवण्यात केस पिकलेल्या शिक्षकाला आता टकळी हाती घेऊन विद्यार्थी व्हावे लागणार होते, आणि तेही पुढे त्याच मुलांसमोर उभे राहण्यासाठी. योजना पुढे का रोडावली याची कारणे अनेक आहेत. पण जेथे शिक्षकाने मनापासून हात घातला तेथे उद्योग हा शाळेचा प्राण झाला, आणि जेथे तो घातला नाही तेथे टकळ्यांची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटावर राहिली, हे जुन्या बुनियादी शाळा पाहिलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

आता या प्रौढ विद्यार्थ्याच्या मनाकडे वळू. मुलाचे मडके वाकडे झाले तर ते हसते आणि दुसरे करावयास घेते. प्रौढाचे वाकडे झाले तर तो आधी आजूबाजूला पाहतो, कोणी पाहिले तर नाही ना! मग चाक नीट फिरत नाही, माती नीट मळलेली नाही, उजेड कमी आहे, अशी कारणे निघतात. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण बहुधा प्रौढ नवशिक्यांसाठीच जन्माला आली असावी. ज्याला आपल्या कार्यालयात दहा माणसे विचारून वागतात, त्याला हाताखालची माती मानत नाही हे सहन होत नाही. शिवाय त्याला प्रत्येक गोष्ट आधी समजून घेण्याची सवय असते. तो कुंभाराला विचारतो, “बोट नेमके किती अंशांत धरू?” कुंभार त्याचे बोट धरून मातीवर ठेवतो. खरे उत्तर तेच असते. पण प्रश्नकर्त्याला वाटते की आपल्या प्रश्नाला उत्तरच मिळाले नाही.

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून या वयात शिकणे होत नाही, असे मानणाऱ्यांसाठी एक अलीकडचा पुरावा सांगण्याजोगा आहे. जर्मनीतील संशोधकांनी काही प्रौढांना तीन चेंडू हवेत खेळवण्याची हातचलाखी तीन महिने शिकवली आणि शिकण्याआधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मेंदूच्या विशिष्ट भागातील करड्या द्रव्यात वाढ झालेली आढळली. हे निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या माणसांवर हाच प्रयोग झाला. त्यांतल्या कमी जणांना ती करामत पूर्ण साधली. परंतु मेंदूतील बदल त्यांच्यातही दिसला. याच प्रयोगांतील दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. सराव थांबवल्यानंतर ती वाढ ओसरू लागली. तेव्हा आठ दिवसांचे शिबिर आणि निरोपाचा फोटो एवढ्याने भागत नाही, हे कारागिरांना ठाऊक असलेले सत्य आता प्रयोगशाळेतही नोंदले गेले आहे.

प्रौढाने शिकावयास बसणे यावर एखाद्या कलेचे जगणेमरणे अवलंबून असू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात सावंतवाडीस आहे. लाकडी फळे आणि रंगीत खेळण्यांसाठी तेथील चितार आळी प्रसिद्ध आहे. पण त्याच चितारी मंडळींची आणखी एक विद्या म्हणजे गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ या देशात किती जुना असावा याचा एक पुरावा असा, की बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात शहाण्णव पाने. आपल्याकडे त्याला दशावताराचा साज चढला, आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंगांचा, प्रत्येक रंगात बारा, असा एकशेवीस पानांचा संच तयार झाला. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हे रंगवलेले पत्ते मागणार कोण? १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ही विद्या हातात असलेले पुंडलिक चितारी हे वृद्ध कलाकारच काय ते उरले होते.

अशा वेळी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ही कला शिकण्याचा निश्चय केला. कलाकाराला अनुदान देऊन, पाचपन्नास संच विकत घेऊन कपाटात ठेवता आले असते. राजघराण्यांची कलेला आश्रय देण्याची रीत सहसा तीच. येथे मात्र आश्रयदात्यांनी कुंचला हाती घेतला. आश्रयदाता आणि शिष्य या दोन भूमिकांत जे अंतर आहे ते ओलांडणे वाटते तेवढे सोपे नाही. आश्रयदात्यापुढे कलाकार मान लववतो, शिष्याची मान गुरूपुढे लवते.

या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे तो निश्चय किती चिकाटीचा होता हे ध्यानात येते. पान तयार करण्याचीच खटपट मोठी. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, त्यावर लाखेचा हात, आणि मग तळहातात मावणाऱ्या त्या वर्तुळात बारीक कुंचल्याने चित्र. राजा आणि प्रधान यांची वीस पाने सोडली तर उरलेली शंभर पाने एक ते दहा या आकड्यांची. म्हणजे मत्स्याच्या रंगात एका पानावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे करीत दहाव्यावर दहा. बेरीज केली तर एका रंगात पंचावन्न मासे, आणि दहा रंगांची मिळून साडेपाचशे चिन्हे, एका संचासाठी. एका पानावरचा मासा सुरेख काढणे कोणाही चित्रकाराला जमेल. पंचावन्नावा मासा पहिल्यासारखाच निघणे ही कारागिरी. नवशिक्याच्या दृष्टीने पाहिले तर या संचाच्या रचनेतच शिकवणीची सोय आहे असे म्हणता येईल. एकच मासा, एकच कासव, एकच परशू पंचावन्न वेळा. कंटाळा येतो, येऊ द्यावा. कंटाळ्याच्या पलीकडेच हात बसतो.

शिवरामराजे १९९५ मध्ये निवर्तले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ मध्ये देहत्याग केला. तोवर राजवाड्यातील दरबारात मांडलेल्या पाटांवर नवे चितारी तयार झाले होते. पुंडलिक चिताऱ्यांकडून ती विद्या घेण्यास कोणी बसलेच नसते, तर दशावतारी गंजिफा आज वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड पाहावी लागली असती, आणि काचेआडच्या पत्त्यावरून चिंचोक्याची खळ किती दाट करावी हे कळत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शहरांतून भरणारे काही वर्ग आहेत. रविवारच्या दोन तासांत वारली चित्रकला, असा फलक हल्ली सर्रास दिसतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले, वर एक गोल आणि खाली चार रेघा, की माणूस झाला. येणाऱ्याला आनंद होतो आणि त्यात वाईट काही नाही. पण वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, धवलेरी गाणी म्हणते, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचे टोक एवढ्याच साहित्यावर सारी भिंत जिवंत होते, यांपैकी काहीच कानावर न पडता विद्यार्थी घरी जातो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी एका चित्रात मासळीचे जाळे विणावे तशी रेघांची जी गुंफण केली, ती पाहिल्यावर या त्रिकोणांच्या धड्याची मर्यादा स्पष्ट होते. शिवाय अशा वर्गात शिकवणारी व्यक्ती वारली असतेच असे नाही. तेव्हा शुल्काचा वाटा डहाणूला किंवा तलासरीला किती पोहोचतो, हे विचारण्याचा अधिकार शुल्क भरणाऱ्याला आहे आणि त्याने तो बजावावा.

पंचायतींनी आणि शाळांनी या बाबतीत काय करता येईल? शासकीय योजनांकडे प्रथम दृष्टी जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार, सुतार, लोहार, शिंपी असे अठरा व्यवसाय अंतर्भूत आहेत. त्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. परंतु ही योजना जो आधीच त्या व्यवसायात आहे त्याच्यासाठी आहे, आणि ते योग्यच होय. शासकीय सेवेतील व्यक्ती व तिचे कुटुंबीय तीत बसत नाहीत. म्हणजे ज्या शिक्षिकेला केवळ शिकण्यासाठी चाकापुढे बसावयाचे आहे, तिच्यासाठी त्यात रकाना नाही. तिने आपल्या खिशातून शुल्क द्यावे हेच उत्तम. वर्गणी काढून पाच-सात जणांचा एक गट केला तर कारागिराला महिन्याकाठी नियमित रक्कम मिळते, आणि पालनपूरच्या विणकरापुढे जो पेच होता तो निम्मा तरी सुटतो. उरलेला निम्मा सुटण्यासाठी एक संकेत पाळावा : शिकलेल्याने त्या वस्तू त्याच बाजारात गुरूपेक्षा कमी भावाने विकू नयेत.

पाच-सात ही संख्या मुद्दाम सांगितली आहे. चाळीस जणांचा वर्ग अहवालात शोभतो, पण त्यातील तेहतीस जणांच्या हातांकडे कारागिराला पाहताच येत नाही. वर्गाची जागाही पंचायतीच्या सभागृहापेक्षा कारागिराचे अंगण ही अधिक बरी. सभागृहात कारागीर पाहुणा असतो आणि सरपंच यजमान. अंगणात हे नाते आपोआप सुलटे होते. हत्यारे त्याच्या ओळखीच्या जागी असतात. त्याची पत्नी, जिच्या हाताशिवाय माती मळली जात नाही आणि रंगही कालवला जात नाही, तीही तेथेच असते. पुष्कळदा शिकवण्याचे निम्मे काम तीच करते. तिचे मानधन वेगळे धरावे.

आणखी एक गोष्ट वेळापत्रकाची. आर्थिक वर्ष संपत आले की प्रशिक्षणांची घाई उडते. परंतु कुंभाराला फाल्गुन-चैत्रात अक्षय्यतृतीयेच्या घागरींची गर्दी असते. आषाढ-श्रावणात मूर्तिकाराला गणपतीखेरीज दुसरे काही सुचत नाही. पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत आणि भट्टीही पेटत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत पणत्या. या सर्वांतून जे आठवडे उरतील ते त्याचे फुरसतीचे, आणि ते कोणते हे गावागणिक बदलते. वर्गाची तारीख ठरवण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. तो चाकावर असेल तर मडके उतरेपर्यंत थांबावे, आणि मग विचारावे.